संग्रहालयाची कार्यक्षमता : कशाला कशाने भागायचं?



मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी आम्हाला जिन्यातच गाठलं आणि विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाची माणसं सगळ्याच मोजमापाला नावं ठेवता. मग सरकारनं पैसा वाटायचा तरी कसा? चिठ्ठ्या टाकून?" प्रश्न रास्त होता. आमचा गुडघा दुखत होता आणि खाली रिक्षा उभी होती, म्हणून त्या दिवशी आम्ही हसून वेळ मारून नेली. आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर समजा. विषय आहे संग्रहालयांची कार्यक्षमता मोजण्याच्या पद्धती. आणि या विषयात आमचा स्वतःचा एक अपराध आहे, तोही ओघात सांगू.

आधी शब्द नीट करून घेऊ. काटकसर, कार्यक्षमता आणि परिणामकारकता हे तीन शब्द सरकारी कागदांवर एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. कमी खर्च केला ही काटकसर. जेवढा खर्च केला त्यातून जास्तीत जास्त काम काढलं ही कार्यक्षमता. आणि जे काम करायला निघालो होतो ते खरंच झालं, ही परिणामकारकता. कार्यक्षमता म्हणजे शेवटी एक भागाकार आहे. वर निष्पत्ती, खाली साधनं. कारखान्यात हा भागाकार सोपा, कारण वर काय लिहायचं आणि खाली काय लिहायचं यावर कुणाचं दुमत नसतं. साखर कारखान्यात वर साखर, खाली ऊस. संग्रहालयात वर काय लिहाल?

याचं चटकन येणारं उत्तर म्हणजे प्रेक्षक. तिकीटखिडकीवरचा आकडा तयार असतो, त्याला खर्चानं भागलं की काम झालं. जगभर बहुतेक ठिकाणी पहिल्यांदा हेच झालं. पण हा आकडा किती भोळा आहे बघा. तीन तास एका ताम्रपटासमोर वही घेऊन बसलेला अभ्यासक म्हणजे एक प्रेक्षक, आणि पावसाची सर आली म्हणून आत शिरलेला माणूस म्हणजेही एकच प्रेक्षक. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात लोक एका चित्रापुढे किती वेळ थांबतात याचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी सत्तावीस सेकंद, आणि निम्म्या वेळा सतरा सेकंदांच्या आतच. हे आम्ही प्रेक्षकांना हिणवण्यासाठी सांगत नाही. आम्हीही असेच फिरतो, विशेषतः बरोबर नातवंडं असली की. मुद्दा इतकाच की तिकीट फाडलं म्हणजे काय घडलं, हे तिकिटाला माहीत नसतं.

अर्थशास्त्रज्ञांना हे कळत नव्हतं असं मात्र समजू नका. आमच्या क्षेत्रातले लोक अर्थशास्त्रज्ञांवर टीका करताना त्यांना मूर्ख समजून बोलतात, ती सवय वाईट. त्यांनी या अडचणीवर खरोखर हुशार तोड काढली. मायकेल फॅरेल या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञानं १९५७ मध्ये पाया घातला, आणि १९७८ मध्ये चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स या तिघांनी अमेरिकेत त्यावर इमारत चढवली. तिचं नाव डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस. एन्व्हलप म्हणजे आपला लिफाफाच. सगळ्या संस्थांचे आकडे आलेखावर ठिपक्यांसारखे मांडायचे आणि बाहेरून लिफाफा चढवायचा. जे ठिपके लिफाफ्याला टेकतात ते शंभर टक्के कार्यक्षम, जे आत राहतात ते त्या मानानं कमी. आणि ही पद्धत जन्मली ती नफ्याच्या धंद्यासाठी नव्हे, हे मुद्दाम ध्यानात घ्या. ऱ्होड्स यांच्यापुढे प्रश्न होता सरकारी शाळांचा. शाळेच्या निष्पत्तीला बाजारभाव नसतो. वाचनाची गोडी किती रुपयांची आणि गणित किती रुपयांचं, हे कोण सांगणार? म्हणून त्यांनी ठरवलं की किमती बाहेरून लादायच्याच नाहीत. प्रत्येक संस्थेला तिच्या सगळ्यांत सोयीचे भारांक निवडू द्यायचे, आणि त्या सोयीच्या मापानंही ती इतरांहून मागे पडली, तरच तिला अकार्यक्षम म्हणायचं. संशयाचा फायदा आरोपीला देण्यासारखंच हे. न्यायबुद्धी आहे यात, आणि ती आम्हाला आवडते.

एक लहानसं उदाहरण करू. फळा नाही, तेव्हा आकडे कानानंच पकडा. क, ख आणि ग अशी तीन काल्पनिक संग्रहालयं. तिन्हीकडे दहा-दहा माणसं कामाला. क मध्ये वर्षाला पन्नास हजार प्रेक्षक येतात आणि दोनशे वस्तूंची सविस्तर नोंद होते. ख मध्ये दहा हजारच प्रेक्षक, पण नोंदी एक हजार. ग मध्ये प्रेक्षक चोवीस हजार, नोंदी चारशे ऐंशी. आता समजा, एखाद्या चौथ्या संग्रहालयानं आपली पाच माणसं क च्या रीतीनं वापरली आणि पाच ख च्या रीतीनं. पहिल्या पाचांकडून पंचवीस हजार प्रेक्षक आणि शंभर नोंदी, दुसऱ्या पाचांकडून पाच हजार प्रेक्षक आणि पाचशे नोंदी. बेरीज तीस हजार प्रेक्षक, सहाशे नोंदी. ग चे आकडे दोन्ही बाबतींत याच्या बरोबर ऐंशी टक्के. म्हणून ग ची कार्यक्षमता ऐंशी. क आणि ख शंभर.

आता इथं आमच्यातला तत्त्वज्ञानाचा मास्तर जागा होतो. ग ला ज्याच्याशी तोलून ऐंशी गुण दिले ते चौथं संग्रहालय आहे कुठं? ते कुणी पाहिलेलं नाही. अर्धं क आणि अर्धं ख असं संग्रहालय उभं राहू शकतं, हे गृहीत धरलंय. कदाचित राहीलही. पण असंही असेल की प्रेक्षकांची गर्दी सांभाळणारी माणसं आणि शांतपणे नोंदी करणारी माणसं एका छपराखाली आली की दोन्ही कामं बिघडतात. तसं असेल तर ग ला एका भुताशी शर्यत लावून हरवलं, असं म्हणावं लागेल.

ही शंका आमच्या आधी त्या शास्त्रातल्या लोकांनाच आली, हेही सांगितलं पाहिजे. त्यांनी दुसरा प्रकार काढला, ज्यात तुलना फक्त खऱ्या, अस्तित्वात असलेल्या संस्थेशी होते, कल्पित मिश्रणाशी नाही. फ्रान्स्वा मेरेस आणि फिलिप व्हांडन एकाउत या दोघांनी २००२ मध्ये बेल्जियमच्या फ्रेंचभाषक भागातल्या संग्रहालयांना हीच पद्धत लावली. शिवाय संग्रहालयाची कामं एक नसून अनेक आहेत, जपणं वेगळं आणि लोकांपर्यंत पोचवणं वेगळं, ही जाण त्यांनी ठेवली. मेरेस हे स्वतः संग्रहालयशास्त्रातले, त्यामुळे असेल. सिसिलीवर, इटलीतल्या नगरपालिकांच्या संग्रहालयांवर, स्पेनच्या कास्तिया इ लेओन प्रांतावरही असे अभ्यास झालेत.

तर या दुसऱ्या पद्धतीनं आपल्या ग चं काय होतं? क त्याला हरवू शकत नाही, कारण क च्या नोंदी कमी. ख हरवू शकत नाही, कारण ख चे प्रेक्षक कमी. म्हणजे ग ला दोन्ही बाबतींत मागे टाकणारं कुणीच नाही. ग शंभर टक्के कार्यक्षम! तेच संग्रहालय, तीच माणसं, तेच आकडे. एका रीतीनं ऐंशी, दुसऱ्या रीतीनं शंभर. यात कुणी लबाडी केलेली नाही, दोन्ही गणितं बरोबर आहेत. पण मंत्रालयात जाणाऱ्या टिपणात फक्त 'ग : ८०%' एवढंच जातं. कोणती रीत वापरली ते पान चाळिसाव्या परिशिष्टात असतं, आणि परिशिष्ट कुणी उघडत नाही.

आणखी एक गंमत. सोयीचे भारांक निवडू देण्याचा जो उदारपणा, तोच इथं अंगाशी येतो. क नं नोंदींना शून्य भार दिला आणि प्रेक्षकांना सगळा, तरी चालतं. किंबहुना क नं दोनशेऐवजी एकही नोंद केली नसती, तरी त्याचे गुण शंभरच राहिले असते, कारण माणशी सर्वांत जास्त प्रेक्षक त्याच्याकडेच. म्हणजे जपणुकीकडे पूर्ण पाठ फिरवणारं संग्रहालयही या लिफाफ्याला टेकून ताठ उभं राहतं. यावर उपाय आहे, नाही असं नाही. अमुक कामाला किमान इतका भार द्यायलाच हवा, असं बंधन घालता येतं. पण तो 'किमान इतका' कोण ठरवणार? किमती बाहेरून लादायच्या नाहीत म्हणून तर सगळा खटाटोप केला होता. मूल्यांचा प्रश्न पुढच्या दारानं घालवला, तो मागच्या दारानं येऊन पाटावर बसला.

पण आमच्या मते याहून खोल अडचण वेगळीच आहे. संग्रह, म्हणजे खुद्द वस्तू, भागाकारात वर लिहायच्या की खाली?

नीट विचार करा. वस्तू हे साधन आहे असं म्हणालात, तर त्या खाली जातात, माणसं, जागा, वीजबिल यांच्या पंगतीत. मग ज्याच्याकडे वस्तू जास्त त्याचा छेद मोठा, आणि छेद मोठा म्हणजे गुण कमी. उद्या एखाद्या बाईंनी आजीची नथ, दौत, पानाचा डबा आणून दिला, तर संग्रहालयाची कार्यक्षमता तेवढ्यापुरती घसरली! पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलं आहे. दिनकर गंगाधर केळकर, म्हणजे कवी अज्ञातवासी, यांनी गावोगाव हिंडून वस्तू जमवल्या. अडकित्ते, वज्री, दिवे, फण्या, दारांच्या चौकटी. अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव त्या संग्रहाला दिलं आणि तो सारा संग्रह राज्य शासनाच्या स्वाधीन केला. तिथं सुमारे वीस हजार वस्तू आहेत आणि मांडलेल्या साधारण अडीच हजार. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ऐंशी लाखांच्या आसपास वस्तू आणि मांडलेल्या त्यातल्या एक टक्का. वस्तू साधन मानल्या तर हे केवढं न वापरलेलं भांडवल! गणित हळूच कानात सांगतं की मांडता येत नाही ते काढून टाका.

बरं, वस्तू ही निष्पत्ती आहे असं म्हणा. मग त्या वर जातात. पण त्या यंदा कुठं 'निष्पन्न' झाल्या? त्या शंभर वर्षांपूर्वी कुणी जमवल्या. यंदाच्या कर्मचाऱ्यांनी फक्त एवढंच केलं की त्या नष्ट होऊ दिल्या नाहीत. आणि काहीतरी न होणं, हे कुठल्या रकान्यात लिहितात? आग लागली नाही. वाळवी लागली नाही. चोरी झाली नाही. कागद पिवळा पडायचा तो दहा वर्षं उशिरा पडला. हे सगळं अभावरूप आहे. आपल्याकडे नैयायिकांनी अभाव हा स्वतंत्र पदार्थ मानला आणि त्यावर शतकानुशतकं वाद घातले. भूतलावर घट नाही, याचं ज्ञान नेमकं कशाचं ज्ञान? वर्गात पोरं कंटाळायची. पण संग्रहालयाच्या अंदाजपत्रकासमोर बसलं की कळतं, प्रश्न पोरकट नव्हता.

अभावाची किंमत कळते ती तो संपल्यावर. २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री रिओ द जानेरोचं ब्राझीलचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं. स्थापना १८१८ ची, म्हणजे द्विशताब्दीचंच वर्ष. दोन कोटींच्या घरातला संग्रह, त्यातला बहुतांश गेला. देखभालीचा पैसा वर्षानुवर्षं आटत गेला होता. भागाकार करा, दरवर्षी छेद लहान होत होता, म्हणजे १ सप्टेंबरपर्यंत ते संग्रहालय कागदावर अधिकाधिक कार्यक्षम होत चाललं होतं असंही दाखवता येईल. आपल्याकडे दिल्लीचं राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालय २६ एप्रिल २०१६ ला असंच जळून गेलं. लांब कशाला जायचं.

आणि ब्रिटिश म्युझियमचंच पाहा. २०२३ मध्ये तिथं सुमारे अठ्ठावन्न लाख लोक येऊन गेले. प्रेक्षकांच्या रकान्यात याहून काय हवं? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जाहीर झालं की कोठारातल्या सुमारे दोन हजार वस्तू गायब, चोरीला गेलेल्या किंवा मोडतोड झालेल्या आहेत. कोरीव खडे, दागिने, लहान लहान चिजा. संचालकांनी राजीनामा दिला. इतक्या वस्तू गेल्या तरी कळलं कसं नाही? कारण त्यातल्या बऱ्याच वस्तूंची नीट नोंदच झालेली नव्हती. ज्याची नोंद नाही त्याची चोरीही होत नाही, कागदावर तरी. मग त्यांनी सगळा संग्रह पाच वर्षांत संगणकावर नोंदवण्याचा संकल्प सोडला. आपला क आठवला ना? दहा माणसं, पन्नास हजार प्रेक्षक, गुण शंभर.

उलट बाजूही पाहू. मुंबईत भायखळ्याला, जुनी मंडळी जिला राणीची बाग म्हणतात तिच्या शेजारी डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ मध्ये ते उघडलं, तेव्हा नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट. १९७५ मध्ये भाऊ दाजींचं नाव मिळालं. पुढे त्याची फार दैना झाली. २००३ मध्ये जीर्णोद्धाराला हात घातला आणि २००८ मध्ये ते पुन्हा उघडलं. महापालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी मिळून ते काम केलं. मधल्याच काळात, २००५ मध्ये, युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारही त्याला मिळाला. आता त्या वर्षांची कार्यक्षमता काढा. खर्च भरपूर. प्रेक्षक? दारं बंद. शून्य भागिले काहीही, शून्यच. आज तिथला तो सोनेरी नक्षीचा जिना आणि खांब पाहून मान वर करून उभी राहणारी मुलं त्या शून्य वर्षांची कमाई आहेत. वर्ष हे एकक शेतीला ठीक, हिशेबाला ठीक. संग्रहालयाचं काम वर्षाच्या मापात मावत नाही.

विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ मध्ये कलांच्या अर्थकारणावर एक पुस्तक लिहिलं. चौघांनी वाजवायची रचना शंभर वर्षांनंतरही चौघांनाच आणि तेवढाच वेळ वाजवावी लागते, उत्पादकता वाढणार कुठून, हा त्यांचा प्रसिद्ध दाखला. पैठणीचा जुना पदर साफ करणाऱ्या माणसालाही हे लागू आहे. यावर आणखी बोलत नाही, बाहेर त्यावर पुष्कळ लिहिलेलं आहे.

आता कबुली.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी एका अनुदान देणाऱ्या संस्थेनं लहान संग्रहालयांचं मूल्यमापन करायला तिघांची समिती नेमली. एक हिशेबनीस, एक पुराणवस्तूंतले जाणकार, आणि 'मूल्यांचे तज्ज्ञ' म्हणून आम्ही. हातात छापील तक्ता, शंभर गुणांचा. प्रेक्षकसंख्या, उत्पन्न, उपक्रम, शाळांच्या सहली, वर्तमानपत्रांतली कात्रणं. एका तालुक्याच्या गावी गेलो. दोन खोल्या. चार वीरगळ, काही तलवारी, आणि भिंतीला लागून मोडी कागदांचे बस्ते. सांभाळणारा माणूस एकच, साठीला टेकलेला. त्यानं आम्हाला चहा दिला आणि मग लहान मुलानं खेळणी दाखवावीत तसे बस्ते दाखवले. पावसाळ्यात तो दर आठवड्याला प्रत्येक बस्ता सोडायचा, कागद सुटे करायचा, वेखंडाच्या पुरचुंड्या बदलायचा, कसर लागलीय का पाहायचा, पुन्हा बांधायचा. मोडी त्याला वाचता यायचं. आसपासच्या गावांतून माणसं यायची, घरातला एखादा कागद घेऊन. "आमच्या खापरपणजोबांचा म्हणतात, काय लिहिलंय बघा." तो वाचून दाखवायचा. त्यांचं तिकीट? "त्यांचं कसलं तिकीट काढायचं सर, ते काय बघायला येतात होय?" असं म्हणून तो हसला.

तिकिटं मोजली. वर्षाला चारशेही नव्हती. वेखंडाला रकाना नव्हता. मोडी वाचून घेऊन गेलेल्या माणसांना रकाना नव्हता. 'इतर' म्हणून पाच गुण होते, आम्ही पाचही दिले आणि आपण फार मोठा न्याय केला असं वाटून घेतलं. बेरीज पस्तिशीच्या खाली गेली. जाणकारांनी कुरकुर केली. हिशेबनीस म्हणाले, "निकष सगळ्यांना सारखे हवेत ना?" आम्ही आयुष्यभर वर्गात अ‍ॅरिस्टॉटल शिकवलेला. प्रत्येक विषयात तितकीच अचूकता मागावी जितकी त्या विषयाच्या स्वभावात आहे, हे त्याचं म्हणणं आम्ही शेकडो उत्तरपत्रिकांत तपासलेलं. आणि आम्ही सही केली. संध्याकाळची गाडी गाठायची होती, हे एक कारण. तक्ता भरला की मन हलकं होतं, हे दुसरं, आणि तेच खरं.

तो माणूस निवृत्त झाला. जागा भरली गेली नाही, कारण गुण कमी. तीनेक वर्षांनी दुसऱ्या कामानं त्या भागात गेलो होतो तेव्हा मुद्दाम डोकावलो. किल्ली कुठल्याशा कचेरीतल्या लिपिकाकडे होती. दार उघडलं तर ओलीचा वास. खालच्या फळीवरचे बस्ते एकजीव झाले होते. कागदावर कागद चिकटून त्याची वीट झाली होती. त्यात कुणाच्या खापरपणजोबांचं काय होतं, हे आता कुठल्याच मोजमापानं कळणार नाही.

अ‍ॅलिस्डेअर मॅकिन्टायर यांचं १९८१ चं 'आफ्टर व्हर्च्यू' हे पुस्तक आम्ही पुष्कळ वर्षं शिकवलं. त्यात बुद्धिबळ शिकणाऱ्या मुलाचं उदाहरण आहे. मुलाला खेळण्याबद्दल खाऊ दिला, जिंकल्यास आणखी खाऊ. जोवर तो खाऊसाठी खेळतो, तोवर त्याला लबाडी न करण्याचं काहीच कारण नाही. खेळातलं खास सुख त्याला सापडलं, की लबाडी म्हणजे स्वतःलाच हरवणं. संग्रहालयांना प्रेक्षकसंख्येचा खाऊ दाखवला की तीही तेच करतात. शाळांच्या बसगाड्या भरून आणतात, मुलांना रांगेतून वीस मिनिटांत बाहेर काढतात, रजिस्टरवर आकडा चढतो. यात आम्ही कर्मचाऱ्यांना दोष देणार नाही. मॅकिन्टायर त्याच पुस्तकात म्हणतात की व्यवस्थापकाची 'परिणामकारकता' ही मूल्यांपासून अलिप्त असल्याचा आव आणते, पण तसं नसतं. हे वाक्य समजावून सांगताना आम्ही वर्गात फार रंगायचो. त्या तक्त्यावर सही करताना ते आठवलं नाही.

म्हणून मोजूच नये का? तसं आम्ही म्हणत नाही, आणि जिन्यातले ते गृहस्थ आज समोर बसलेत, त्यांनी हे ऐकावं. पैसा मर्यादित आहे. संग्रहालयाला दिलेला रुपया अंगणवाडीला दिला जात नाही, हेही खरं. न मोजणाऱ्या खात्यात काय होतं ते आपण पाहतोच, ज्याची ओळख त्याला अनुदान. मोजण्यामुळे निदान वाद घालायला काहीतरी हाती येतं.

आमचं म्हणणं आहे की आधी जुनी, साधी, कंटाळवाणी मोजमापं करा. नोंदवही उघडा आणि एकेक वस्तू जागेवर आहे का ते पाहा. याला प्रत्यक्ष पडताळणी म्हणतात. भारताच्या महालेखापरीक्षकांनी २०१३ च्या अहवालात आपल्या संग्रहालयांतल्या नोंदी आणि पडताळणीच्या उणिवांवरच बोट ठेवलं होतं. त्यात भारी गणित काही नाही, रजिस्टर आणि माणूस. नोंदींसाठी पुण्याच्या सी-डॅकनं 'जतन' नावाची संगणकप्रणाली केली आहे, नावही किती नेमकं. मग खोलीतली ओल मोजा. शेवटची आगीची तालीम कधी झाली ते विचारा. बस्ते शेवटचे कधी सोडले ते विचारा. संग्रह वापरायला कोण आलं, काय घेऊन गेलं, ते लिहून ठेवा, तिकीट असो वा नसो. आणि तुलना करायचीच तर त्या संग्रहालयाची त्याच्याच पाच वर्षांपूर्वीच्या स्थितीशी करा. तालुक्याच्या दोन खोल्यांना मुंबईच्या फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या शेजारी उभं करून काय मिळणार? तिथं पन्नास हजारांचा संग्रह आणि दारातून जाणारं अख्खं शहर आहे.

लिफाफ्याचं गणितही टाकून द्यायला नको. ते निकाल म्हणून न वापरता प्रश्न म्हणून वापरावं. ग ऐंशीवर का? जाऊन बघा. कदाचित माणसं खरंच रिकामी बसत असतील. अशी संग्रहालयंही आम्ही पाहिली आहेत, जिथं पंख्याखाली पेपर वाचणं हाच उपक्रम असतो. कदाचित ग नं असं काही केलं असेल ज्याला रकानाच नाही. आकडा तुम्हाला दारापर्यंत आणून सोडतो. आत जायला पायच लागतात.

हात वर दिसतोय. बोला. ... प्रश्न असा आहे की बस्ते सोडण्याचा रकाना केला तर लोक बस्ते न सोडताच तारीख लिहितील. हो, लिहितील. प्रेक्षकसंख्या फुगवतात तशीच हीही फुगवतील. पण एक फरक आहे ताई. खोटी प्रेक्षकसंख्या पुढे कधीच पकडता येत नाही, आलेली आणि न आलेली माणसं दोन्ही निघून गेलेली असतात. बस्ता मात्र तिथंच असतो. सोडून पाहता येतो.

मागच्या वर्षी त्याच संस्थेचं पुन्हा पत्र आलं. नवी समिती, तोच तक्ता, आणि आमच्या सूचना असल्यास कळवाव्यात. आम्ही शेवटी एक ओळ हातानं लिहून पाठवली : गेल्या पावसाळ्यानंतर कोठार कुणी उघडलं, कोणत्या तारखेला, काय दिसलं? या रकान्याला गुण देऊ नयेत, फक्त उत्तर लिहावं, असंही खाली लिहिलं. पोच आली आहे. तक्ता बदलला का, ते अजून कळवलेलं नाही.